‘उडती खार’ घरी आणताना: पहिल्या चौकशीपासून पहिल्या वर्षापर्यंत

ओळखीतून ओळख निघत माझ्यापर्यंत फोन येतो आणि पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. “ताई, मुलीनं मोबाईलवर उडती खार बघितलीय, पुण्यात कुठं मिळेल?” कुठं मिळेल हे मी लगेच सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारते. रात्री दहा-अकरानंतर घरात कुणी जागं असतं का? तुमच्या स्वयंपाकघरात अंडं चालतं का? आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मुलगी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग करत घराबाहेर पडली, तर या प्राण्याचं कोण करणार? तिन्हींची नीट उत्तरं मिळाली की मी त्यांना कोथरूडला माझ्या घरी बोलावते. तेही रात्री नऊनंतर, कारण त्याआधी दाखवण्यासारखं काही नसतं. दोन जीव एका पिशवीत एकमेकांना बिलगून झोपलेले असतात.

मनुका आणि बेदाणा ही माझी शुगर ग्लायडरची जोडी. ‘उडती खार’ म्हणून विकतात तो हाच प्राणी. मनुका आता सात वर्षांची आहे. तिच्या पहिल्या वर्षात मी केलेली चूक तिच्या मागच्या उजव्या पायात आजही दिसते, चढताना तो पाय जरा उशिरा येतो. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून सगळं बैजवार सांगते.

आधी प्राणी ओळखा

पुण्यात ‘उडती खार’ म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा शुगर ग्लायडर असतं. ही खार नव्हे. खार कुरतडणाऱ्या प्राण्यांतली, उंदराच्या गोतातली. ग्लायडर शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गोतातला. त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलात. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो, तो ताणून झाडावरून झेप घेतली की पन्नास मीटरपर्यंतही तरंगत जातो. वजन साधारण ९० ते १५० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याइतकं. डोळे मोठे, पाठीवर नाकापासून शेपटीकडे जाणारा काळा पट्टा, शेपटी अंगाइतकीच लांब.

खरी उडती खार आपल्या सह्याद्रीत आहे. घाटातले जुने लोक तिला पाक्या म्हणत. ती नुसती शेपटीच हातभर लांब असलेली, दीड-दोन किलोची, रात्री हिंडणारी, झाडाच्या ढोलीत राहणारी जंगली खार. तिला पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शेकरूचंही तेच. कुणी ‘देशी उडती खार’ किंवा ‘जंगलातून आणलेलं पिल्लू’ देऊ करत असेल, तर दया येऊन विकत घेऊ नका. तुम्ही एक घेतलंत की तो दुसरं पकडायला जातो. वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक त्यासाठीच आहे. जखमी किंवा घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तरी तोच फोन करा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टही वन्यप्राण्यांवर उपचाराचं काम करतो.

तिसरा प्राणी अमेरिकेतली छोटी उडती खार. तिकडच्या काही राज्यांत ती पाळतात आणि इंटरनेटवर तिच्या संगोपनाची माहिती भरपूर आहे. गोंधळ इथंच होतो. तिचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तिला अक्रोडासारखी टणक कवचाची फळं कुरतडायला देतात. ग्लायडरचे दात तसे वाढत नाहीत, आणि दाणे-अक्रोडांवर ठेवलेला ग्लायडर काही महिन्यांत हाडांनी अधू होतो. ‘फ्लाइंग स्क्विरल’ असं शोधून जे सापडेल ते ग्लायडरला लावू नका. दात वाढलेत असं वाटून ते कापायला तर कधीच नेऊ नका.

कागदपत्रं

शुगर ग्लायडर भारतीय वन्यप्राणी नाही. परदेशी प्राण्यांसाठी मात्र त्याच वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियम आले आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या, म्हणजे साइट्सच्या परिशिष्टांतल्या जाती बाळगणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. शुगर ग्लायडर त्या परिशिष्टांत नाही, पण याद्या बदलतात. घ्यायच्या आठवड्यात यादी स्वतः बघा आणि विकणाऱ्याकडून पावती घ्या. तिच्यावर तारीख, प्राण्याचं वय आणि पिल्लू बंदिस्त जोडीचंच असल्याचा उल्लेख हवा. पावती द्यायला जो कांकू करतो, त्याच्याकडून प्राणी घेऊ नका.

एक नको, दोन

ग्लायडर जंगलात टोळीनं राहतात. एकमेकांच्या अंगाचा वास एकमेकांना लावून आपली टोळी ओळखतात, एका ढोलीत गोळा होऊन झोपतात. एकटा ठेवलेला ग्लायडर आधी खाणं कमी करतो, मग शेपटीचे केस उपटतो, आणि काही जण स्वतःचीच शेपटी किंवा पाय चावून जखम करून घेतात. तुम्ही कितीही लाड केलेत तरी रात्री तीन वाजता त्याच्या अंगाला अंग लावून बसणारं कुणी लागतं.

मनुका सुरुवातीला एकटीच होती. “एकटी ठेवली की माणसाळते,” असं मला सांगितलं होतं. ती माणसाळली नाही, घाबरून माझ्या बाहीत घुसून बसायची आणि मी त्यालाच प्रेम समजत होते. बेदाणा आल्यावर तिचं रात्रीचं भुंकणं थांबलं. (ग्लायडर खरंच भुंकतो. बारीक, एकसुरी, लांबच्या कुत्र्यासारखं.)

उत्तम जोडी म्हणजे नसबंदी केलेला नर आणि मादी, किंवा दोन बहिणी. प्रौढ अनोळखी प्राण्यांना एकदम एका पिंजऱ्यात सोडू नका. दोन पिंजरे वीतभर अंतरावर ठेवा, रोज झोपायच्या पिशव्या बदलून एकाचा वास दुसऱ्याला द्या, आठवडा-दोन आठवड्यांनी दोघांनाही परक्या अशा जागी एकत्र आणा. मी कोरडं न्हाणीघर वापरलं होतं, कमोडचं झाकण लावून. थोडी फुरफुर चालते. कुस्ती लागून केस उडायला लागले की वेगळं करा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा.

पिल्लू फार लहान घेऊ नका. जेमतेम पंधरा-सतरा दिवसांत ते तांदळाच्या दाण्याएवढं जन्मतं, सरपटत आईच्या पिशवीत शिरतं आणि तिथं सत्तर दिवसांच्या आसपास राहतं. पिशवीबाहेर आल्यावरही दीड-दोन महिने त्याला आईचं दूध लागतं. डोळे नुकते उघडलेलं, सिरिंजनं पाजावं लागणारं पिल्लू ‘लवकर लळा लागेल’ म्हणून विकतात. ते तिथंच ठेवा, पिशवीबाहेर येऊन आठ आठवडे पूर्ण झालेलंच घ्या.

पिंजरा

जोडीसाठी कमीत कमी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. जास्त उंच मिळाला तर आधी तो घ्या, कारण या प्राण्याचं सगळं आयुष्य वर-खाली चालतं. पोपटाचे पिंजरे उंच असतात पण गज विरळ असतात. दोन गजांतलं अंतर अर्ध्या इंचाहून कमीच हवं. डोकं गेलं की अंग जातंच. पत्र्याला जस्ताचा मुलामा दिलेली साधी जाळी स्वस्त पडते म्हणून ठोकून घेतात. तिच्यावर मूत पडून जस्त सुटतं आणि ते चाटण्यात जातं. पावडर कोटिंग केलेला पिंजरा घ्या. दारांना स्प्रिंग असते ती पुरत नाही. मी प्रत्येक दाराला एक छोटा कडीहूक लावला आहे, कारण बेदाणा सरकतं दार नखानं उचलायला तिसऱ्याच दिवशी शिकला.

आत झोपायची पिशवी लागते, फ्लीसच्या म्हणजे मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाची. विकत मिळते, घरीही शिवता येते. शिवताना एकच काळजी: टाके आत दडलेले हवेत आणि एकही सुटा धागा नको. धागा बोटाला गुंडाळला जातो, प्राणी ओढतो, फास आवळतो आणि सकाळपर्यंत बोट काळं पडतं. जुनी साडी, टॉवेल, स्वेटर यांचे तुकडे मऊ असले तरी त्यांतून धागे निघतात, म्हणून ते नकोत. तीन-चार पिशव्या करा आणि आलटून पालटून धुवा. सगळ्या एकदम धुतल्या की घराचा वास जातो आणि ते बिथरतात.

चाक द्यायचं तर सलग पट्टीचं, मधे आडवी दांडी नसलेलं, किमान अकरा-बारा इंच व्यासाचं. हॅमस्टरच्या चाकात शेपटी अडकते. खाली देवदाराचा भुसा घालू नका, त्याच्या वासाच्या तेलानं श्वासाचा त्रास होतो. साधा कागद किंवा फ्लीस पुरतं. फांद्या निलगिरीच्या, पेरूच्या, फवारणी न झालेल्या झाडाच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या. सोसायटीच्या बागेतली फांदी उचलून आणू नका. तिथं औषध मारलेलं असतं, आणि कुंपणाला कण्हेर असते, ती जीवघेणी विषारी आहे.

पिंजरा कुठं ठेवायचा? भिंतीलगत, थेट ऊन न येणाऱ्या, रात्री दिवा बंद होणाऱ्या खोलीत. स्वयंपाकघरापासून लांब, कारण तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर लहान प्राण्यांच्या फुप्फुसांना बाधतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा धूरही त्या खोलीत नको. आमच्या घरी आईनं देवघराची उदबत्ती बाल्कनीत लावायला सुरुवात केली, मी न सांगता.

पहिले पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस हात लावू नका. पिंजऱ्याजवळ बसा, हळू आवाजात बोला, तुमचा एक-दोन दिवस वापरलेला फ्लीसचा तुकडा त्यांच्या पिशवीत ठेवा. हात जवळ नेला की ते मागच्या पायांवर उभे राहून घर्रर्र असा कर्कश आवाज काढतील, जुनी शिलाई मशीन अडखळावी तसा. हा राग नसतो, भीती असते. त्या क्षणी हात झटकन मागे घेतलात तर आवाज केला की माणूस पळतो एवढंच ते शिकतात. हात तिथंच शांत ठेवा, मूठ मिटून. तेही न जमल्यास फ्लीसच्या आडून.

चौथ्या दिवसापासून दिवसा झोपलेल्या अवस्थेत पिशवीसकट उचला आणि गळ्यात अडकवायच्या चेनच्या पिशवीत ठेवून छातीशी बाळगा. घरातली कामं करा, पुस्तक वाचा. तासाभरानं सुरुवात करून तीन-चार तासांपर्यंत न्या. तुमच्या अंगाची ऊब आणि ठोके झोपेत ओळखीचे होतात. पिशवी घालून बाजारात, रिक्षात किंवा लग्नाला जाऊ नका.

आठवड्याभरानं रात्रीचा खेळ सुरू करा. मी मच्छरदाणी वापरते, घडीची, तळाला कापड आणि चेन असलेली. आत मी, ती दोघं आणि एक बशी. बोटाला चमचाभर दही नव्हे, तर त्यांच्याच रोजच्या खाण्याच्या मिश्रणाचा (ते पुढं सांगते) थेंब लावायचा. पकडायचं नाही, अंगावर चढू द्यायचं. शेपटीला धरून तर कधीच उचलायचं नाही. दोन आठवड्यांत हातावरून उडी मारणारे ग्लायडर असतात, तसेच चार महिने घेणारेही असतात. मनुकेनं पाच घेतले.

खाणं: इथंच बहुतेक जीव वाचतात किंवा जातात

मनुका घेतली तेव्हा मला सांगितलं गेलं: केळं द्या, मक्याचे दाणे द्या, मध चाटवा, बास. ती मिटक्या मारत खायची. आठव्या महिन्यात एका सकाळी पिशवीतून बाहेर आली आणि मागचे पाय फरफटत होते. तातडीनं डॉक्टर गाठले, एक्स-रे काढला, हाडं कागदासारखी विरविरीत दिसत होती. कॅल्शियमचे उपचार, खालीच ठेवलेला पिंजरा, सिरिंजनं भरवणं असे अडीच महिने गेले. ती वाचली. सगळेच वाचत नाहीत.

असं का होतं, ते समजून घ्या म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही. शरीराला कॅल्शियम आणि फॉस्फरस साधारण दोनास एक या प्रमाणात लागतात. खाण्यात फॉस्फरस जास्त झाला की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून उपसायला लागतं. आता बघा: १०० ग्रॅम पपईत कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस १०. केळ्यात कॅल्शियम ५ आणि फॉस्फरस २२. मक्याच्या कोवळ्या दाण्यांत कॅल्शियम जेमतेम २ आणि फॉस्फरस ९० च्या आसपास. मी रोज रात्री प्रेमानं तिच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेत होते.

जंगलात ग्लायडर झाडांचा गोड रस, डिंक, फुलांतला मध आणि किडे खातो. घरी त्याच्या जवळ जाणारं मिश्रण म्हणजे लेडबीटर मिश्रण. प्रमाण असं: १५० मिलिलिटर कोमट पाणी, १५० मिलिलिटर मध, एक उकडून सोललेलं अंडं, जास्त प्रथिनं असलेलं बाळांचं सिरियल २५ ग्रॅम, आणि व्हिटॅमिन-खनिजांची पूड एक चमचा. मध पाण्यात विरघळवा. अंडं निम्म्या पाण्यासह मिक्सरमधून गंधासारखं मऊ काढा. मग पूड, मग सिरियल, मग उरलेलं पाणी, गुठळ्या राहू न देता. फ्रिजमध्ये तीन दिवसांच्या वर ठेवू नका. मी महिन्याचं करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि रोज एक खडा काढते. पूड कुठली आणि फॉस्फरसविरहित कॅल्शियम वेगळं किती, हे डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. जास्तीचं ड जीवनसत्त्वही घातक असतं, अंदाजानं चिमूट टाकू नका.

एका ग्लायडरला दिवसाला त्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के खाणं लागतं. म्हणजे ११० ग्रॅमच्या प्राण्याला वीस ग्रॅमच्या आसपास, त्यातलं अर्धं हे मिश्रण. म्हणजे जोडीला एक बर्फाचा खडा. उरलेलं अर्धं प्रथिनांचं: किडे, कीटकभक्षी प्राण्यांसाठीचं तयार खाद्य, कधी बिनमिठाचं उकडलेलं अंडं किंवा चिकनचा तुकडा. मीलवर्म म्हणजे पिवळ्या अळ्या त्यांना फार आवडतात, पण त्यांतही फॉस्फरस जास्त असतो, म्हणून कॅल्शियमची पूड भुरभुरून, दोन-तीनच. घरातली झुरळं-नाकतोडे पकडून देऊ नका, कीटकनाशक त्यांच्या पोटात असतं.

शाकाहारी घरांसाठी इथं थांबून सांगते. अंडं आणि किडे टाळून पनीर, डाळ, सोयाबीन यांवर हा प्राणी नीट जगत नाही. घरात अंडं चालत नसेल तर त्यात चूक काहीच नाही, पण मग हा प्राणी तुमच्या घरचा नाही. पहिल्या फोनवर मी अंड्याचं विचारते ते यासाठी.

फळं-भाज्या ही तोंडी लावण्यापुरती, एक-दीड चमचा. महात्मा फुले मंडईत मिळणाऱ्यांपैकी पपई, संत्रं आणि हंगामात पुरंदरचं ताजं अंजीर ही कॅल्शियमच्या हिशेबानं चांगली. शेवग्याची कोवळी पानं तर फारच चांगली. आंबा, सफरचंद बोटभर. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, अव्होकॅडो अजिबात नाही. दूधही नको, जुलाब होतात. फळं मिठाच्या पाण्यात नव्हे, वाहत्या पाण्यात चोळून धुवा.

एक आनंदाची गोष्ट: बाभळीचा डिंक. थंडीत लाडवांसाठी आणतो तो, पण नक्की बाभळीचाच मागून घ्या. ऑस्ट्रेलियातला ग्लायडरही बाभळीच्या भाईबंदांचाच डिंक खातो. वाटाण्याएवढा खडा फांदीच्या भेगेत घट्ट दाबून ठेवायचा. खालच्या पुढच्या दातांनी साल खरवडून डिंक काढणं हे त्याचं खरं काम, त्यात तो अर्धा तास रमतो.

खाणं रात्री नऊच्या सुमाराला ठेवा, सकाळी उठल्या उठल्या ताटली काढा. राहिलं तर मुंग्या येतात. आजी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तोच उपाय पिंजऱ्याच्या स्टँडला लागू पडतो. पाणी बाटलीत आणि छोट्या बशीत, दोन्हीकडे. बाटलीची गोळी अडकली तर एका रात्रीत प्राणी सुकतो.

पुण्याचे ऋतू आणि सण

ग्लायडरला २१ ते ३२ अंश मानवतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी पिंजरा असेल तर ऊन उतरेपर्यंत तो हलवा, ओला पंचा एका बाजूला लांबून लावा, खोलीत पंखा फिरता ठेवा पण झोत थेट नको. पाय पसरून, तोंड उघडून पडलेला दिसला तर आधी थंड खोली, मग बोटानं पाण्याचे थेंब, मग डॉक्टर.

डिसेंबर-जानेवारीत पाषाण, एनडीए, शिवाजीनगरकडे पहाटे दहाच्या खाली जातं. अशा थंडीत ग्लायडर मलूल होऊन ग्लानीत जाऊ शकतो: अंग गार, हालचाल नाही, श्वास संथ. मेला समजू नका. कपड्याच्या आत पोटाशी धरा, हळूहळू ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी थेट टेकवू नका. शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालू नका. पूर्ण उबल्यावरही सुस्ती राहिली तर कारण थंडी नाही, डॉक्टरकडे जा.

पावसाळ्यात फ्लीस वाळत नाही. दमट पिशवी पुन्हा लावू नका, इस्त्री फिरवून कोरडी करा.

गणपतीत ढोल-ताशांचा आवाज आणि दिवाळीत फटाके. मिरवणुकीच्या रस्त्यालगत राहत असाल तर दहाही दिवस पिंजरा सर्वांत आतल्या खोलीत न्या, खिडकीला जाड रजई लावा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे ‘एक रात्र काढू’ असा हिशेब करू नका. शक्य असेल तर त्या दोन दिवसांसाठी शहराबाहेरच्या नातेवाइकांकडे त्यांच्याच पिंजऱ्यासकट ठेवा. मी पहिल्या वर्षी पेठेतल्या मावशीकडे नेले होते, ती माझी दुसरी मोठी चूक.

मोकळं सोडताना

रोज रात्री तासभर तरी पिंजऱ्याबाहेर हवं, पण खोली आधी तपासलेली. छताचा पंखा बंद, आणि नुसतं बटण नव्हे, रेग्युलेटरजवळ कागद चिकटवून ठेवा, कारण घरातलं कुणीतरी सवयीनं लावतंच. उंचावरून झेप घेणाऱ्या प्राण्याला फिरतं पातं दिसत नाही. कमोडचं झाकण, पाण्याची बादली, भरून ठेवलेलं पिंप: पुण्यात पाणी भरून ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे आणि ग्लायडर गुळगुळीत कडेनं वर चढू शकत नाही. खिडक्यांची जाळी, एसीच्या पाइपची भोकं, सोफ्याखालची फाटकी शिवण. मांजर असेल तर ती खोलीबाहेर, दार लावून. आणि बाहेर येताना पाय कुठं ठेवतो ते बघत, घसटत चाला.

आजारपण आणि डॉक्टर

प्राणी घ्यायच्या आधी डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने खूप आहेत, पण फोन करून थेट विचारा: “तुम्ही शुगर ग्लायडरला भूल दिली आहे का? नराची नसबंदी केली आहे का?” उत्तर नुसतं ‘बघू, आणा’ असं आलं तर पुढचा नंबर लावा. आणल्यावर पहिल्या आठवड्यात ताजी लेंडी तपासून घ्या, जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी आढळतात.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पिशवीसकट वजन करा, पिशवीचं वजन वजा करा, वहीत लिहा. हा प्राणी आजार लपवतो, काटा लपवत नाही. शंभर ग्रॅममधले आठ-दहा ग्रॅम गेले म्हणजे आपले सहा किलो गेल्यासारखं.

पाय ओढणं, थरथर, डोळे निस्तेज, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच न बसणं, जुलाब, शेपटी किंवा मूत्रमार्ग चावणं, चोवीस तास न खाणं: यांतलं एकही दिसलं तर उद्यावर टाकू नका. इतक्या लहान जिवाला पाणी कमी पडलं तर बारा ते चोवीस तासांत सगळं संपतं. नखं महिन्यातून एकदा, झोपेत, फक्त टोक. खरखरीत कागद लावलेलं चाक घेऊन नखं घासायचा आडमार्ग नको, तळवे सोलतात.

नर वयात आला की डोक्यावर मधोमध टक्कल पडतं. ती वासाची ग्रंथी आहे, आजार नव्हे. नसबंदीनं वास कमी होतो, भांडणं कमी होतात आणि पिल्लांचा प्रश्न मिटतो. भाऊ-बहिणीची जोडी असेल तर हे टाळताच येत नाही. पिल्लं काढून विकायचा विचार असेल तर इथंच सोडून द्या. चुकीच्या आहारावरची मादी आपली हाडं पिल्लांना देते आणि ताण आला तर पिल्लं मारते.

सांभाळणं अशक्य झालं तर

तळजाईवर, वेताळ टेकडीवर सोडून येऊ नका. एक तर आपल्याकडचं खाणं शोधणं त्याला येत नाही, घारी-मांजरं पहिल्याच रात्री टिपतात. आणि जगलाच, तर दुसरं संकट. टास्मानियात माणसांनी नेऊन सोडलेले शुगर ग्लायडर आज तिथल्या दुर्मिळ स्विफ्ट पोपटांच्या ढोलीत शिरून अंडी, पिल्लं आणि बसलेल्या माद्याही खातात. त्याऐवजी सांभाळणारा अनुभवी माणूस शोधा, जोडी तोडू नका, वजनाची वही आणि आहाराचा कागद सोबत द्या.

गावाला जायचं असेल तर तयारी आधीपासून ठेवा. मी शेजारच्या काकूंना दोन महिने रोज रात्री बोलावलं, फक्त बघायला. मग त्यांच्या हातून ताटली ठेवायला लावली. आता मी कोकणात गेले की त्या नऊ वाजता येतात, फ्रिजमधून एक खडा काढतात, पाण्याच्या बाटलीची गोळी बोटानं दाबून बघतात आणि मला एकच मेसेज टाकतात: ‘दोघंही उठले, मनुका आधी आली.’